गिअरबॉक्स न उघडताच ओव्हरहॉलिंगचे पैसे घेतले, जुनी ऑटोमॅटिक असणाऱ्यांनी वाचा

जुनी ऑटोमॅटिक गाडी असेल आणि गॅरेजवाला स्कॅनरवर पी०७०० हा फॉल्ट कोड दाखवून "साहेब गिअरबॉक्स गेला" म्हणाला तर त्याला एक रुपया अ‍ॅडव्हान्स देऊ नका. आमचे लाखाच्या वर गेलेत. गॅरेजचं नाव टाकत नाही कारण प्रकरण ग्राहक आयोगात न्यायचंय, पण पद्धत सगळी सांगतो.

गाडी २०१२ ची सेडान, टॉर्क कन्व्हर्टरवाली (इंजिन आणि गिअरबॉक्समधला ऑइलवर चालणारा जोड), एएमटी म्हणजे मॅन्युअल गिअरबॉक्सलाच यंत्राने क्लच-गिअर चालवणारी नाही. बाबांच्या डाव्या गुडघ्याला क्लच झेपत नाही म्हणून सेकंडहँड घेतलेली. उन्हाळ्यात साताऱ्याला जाताना खंबाटकी चढून वर आलो तर इंजिन लाइट लागला आणि गाडी तिसऱ्या गिअरलाच अडकली, आनेवाडी टोलवरून निघताना अजिबात उचलेना. बाजूला घेऊन बंद केली, थोडं थांबून परत चालू केली तर गिअर व्यवस्थित पडायला लागले. गार असताना काही नाही, तापली की हा प्रकार. एवढं लक्षात ठेवा, पुढे सगळं यावरच आहे.

पुण्यात आल्यावर एका "ऑटोमॅटिक स्पेशालिस्ट"कडे नेली. त्याने हातात मावेल एवढा स्कॅनर लावला, पी०७०० आला, त्याने मोबाइलवर फोटो काढून मलाच पाठवला आणि म्हणाला गिअरबॉक्सच्या आतल्या क्लच प्लेटा जळाल्यात, पूर्ण खोलून किट टाकावं लागेल. गाडी चालवून बघितली नाही, ऑइल बघितलं नाही, तापवली तर नाहीच. एक लाख पंधरा हजार सांगितले, निम्मे यूपीआयने आधी घेतले आणि बाकीचे कॅशच मागितले. गाडी बरेच दिवस ठेवून घेतली, रोज फोनवर "किट मुंबईवरून येतंय साहेब". परत दिली तेव्हा गिअरबॉक्स चांदीच्या रंगाने चकाचक, वॉरंटी तोंडी, आणि बिल म्हणजे साध्या पावतीवर "गिअरबॉक्स काम संपूर्ण". जुने पार्ट मागितले तर म्हणे फेकले.

पावसाळाभर गाडी गावातल्या गावात नीट चालली. चालणारच, हवा गार, घाट नाही, कोड पुसलेले, ऑइल नवीन. मग ऑक्टोबर हीट सुरू झाली आणि परत खंबाटकी, परत तिसरा गिअर. त्याला फोन केला तर म्हणाला आता टॉर्क कन्व्हर्टर गेला असेल, तो किटमध्ये येत नाही, अजून पस्तीस हजार लागतील.

तेव्हा ओळखीतून दुसऱ्या एका म्हाताऱ्या मेकॅनिककडे गेलो, आणि खरं डायग्नोसिस काय असतं ते तिथे बघितलं. त्यांनी आधी मला शेजारी बसवून गाडी चांगली तापेपर्यंत फिरवली आणि एकच विचारत होते, "आरपीएम नुसतेच पळतात का, का गाडी पण पळते?" म्हणजे बघा, गिअर बदलताना इंजिन ओरडतंय पण गाडी पुढे सरकत नाही, याला स्लिप म्हणतात आणि तिथे क्लच प्लेटांचा संशय घ्यायचा. डी टाकल्यावर गाडी दोन-तीन सेकंदांनी ओढ घेत असेल तर आतलं प्रेशर कमी, किंवा ऑइलच कमी. पण स्लिप काहीच नाही, एकाच गिअरला अडकते, लाइट लागतो, बंद करून चालू केलं की सुटते, हे बहुतेक वेळा वायरिंग नाहीतर सोलेनॉइडचं (गिअर बदलायला ऑइल सोडणारा विजेवरचा छोटा व्हॉल्व्ह) दुखणं. गिअरबॉक्सचा कॉम्प्युटर घाबरून सगळं सोडून एकच गिअर धरून ठेवतो, याला लिंप मोड म्हणतात.

आणि तो पी०७०० म्हणजे पोरगं येऊन "आई बोलावतेय" म्हणतं तसं, कशाला ते आईलाच विचारावं लागतं. इंजिनचा कॉम्प्युटर फक्त सांगतो की गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरला काहीतरी म्हणायचंय. खरा कोड टीसीएममध्ये, म्हणजे त्या गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरमध्ये असतो आणि स्वस्तातले बरेच स्कॅनर तिथपर्यंत पोचतच नाहीत. यांचा पोचला, आणि पी०७५३ निघाला, म्हणजे शिफ्ट सोलेनॉइड ए, इलेक्ट्रिकल फॉल्ट. गिअरबॉक्सखालचं ऑइलचं चेंबर खोलून सोलेनॉइड काढला, मीटर लावला, गार असताना १३ ओहम, एकदम ठीक. मग हीट गनने तापवला आणि मीटर सरळ ओपन, म्हणजे सर्किट तुटलेलं. आतली वाइंडिंग तापली की तुटत होती आणि गार झाली की जुळत होती. बस, एवढंच होतं.

आता फसवणूक कशी कळली ते. चेंबरमध्ये एक मॅग्नेट असतो, झीज धरून ठेवायला, त्यावर वर्षानुवर्षांचा जाड काळपट लेप तसाच. ओव्हरहॉल केलेल्या गिअरबॉक्समध्ये हा कसा राहील? मग थिनर मारून तो चांदीचा रंग पुसला तर खाली बोल्टांवरच्या कंपनीच्या खुणा जशाच्या तशा, एकावरही पान्याचा ओरखडा नाही. ड्राइव्ह शाफ्टची ऑइल सीलं पण जुनी. ते म्हणाले, "साहेब, हा गिअरबॉक्स कंपनीतनं बसवल्यापास्नं खाली उतरलेलाच नाय, गाडी जॅकवर घेऊन खालनं फवारा मारलाय." प्रत्येक गोष्टीचा व्हिडिओ काढला. सोलेनॉइड, ऑइल, मजुरी मिळून पंधरा हजारांत काम झालं, त्यानंतर खंबाटकी दुपारी भर उन्हात चढलोय.

तुमची गाडी अशी लटकली असेल तर खोलायला हो म्हणायच्या आधी टीसीएमचा कोड लेखी मागा आणि जुने पार्ट परत हवेत हे व्हॉट्सअ‍ॅपवर आधीच लिहून ठेवा. ऑइल स्वतः बघा, लालसर आहे का काळं पडून करपल्याचा वास येतोय. साठ-सत्तरच्या स्पीडला गाडी थरथरत असेल तर अ‍ॅक्सिलरेटर तसाच ठेवून डाव्या पायाने ब्रेकला नुसता स्पर्श करा (मोकळ्या रस्त्यावर, मागे कोणी नसताना), थरथर लगेच थांबली तर टॉर्क कन्व्हर्टरच्या लॉकअपकडे (इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडणारा आतला क्लच) बघायला सांगा, ते सुद्धा कधी कधी नुसत्या ऑइल बदलण्याने जातं. धक्के बसतात म्हणून गिअरबॉक्स काढायला निघालेल्याला आधी इंजिन माउंटिंग बघायला लावा, बारा-तेरा वर्षांच्या गाडीत रबर संपलेलं असतं. आणि जुनी ऑटोमॅटिक विकत घेत असाल तर चावी ऑन केल्यावर इंजिन लाइट लागतो आणि गाडी चालू झाली की विझतो ना बघा, लागलाच नाही तर कोणीतरी तो मारून ठेवलाय.

१९१५ या ग्राहक हेल्पलाइनला तक्रार नोंदवली आहे. जिल्हा आयोगात ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही आणि २ वर्षांच्या आत जावं लागतं, त्यामुळे घाई नाही पण सोडणार पण नाही. वकिलाची नोटीस पोचली त्या संध्याकाळी त्या पहिल्या गॅरेजवाल्याचा फोन आला, बसून मिटवू, चाळीस हजार घ्या आणि विषय संपवा. म्हटलं जुन्या क्लच प्लेटा दाखव, मग बोलू. आता म्हणतो भंगारवाल्याला घातल्या.