‘सिक्युअर्ड’ म्हणजे नेमकं कशावर?

आम्हा सातारकरांना पवनचक्क्यांचं काही अप्रूप नाही, चाळकेवाडीच्या पठारावर रांगच आहे त्यांची. म्हणूनच 2018 साली एजंट एका पवनऊर्जा कंपनीचे डिबेंचर, म्हणजे कंपनीला कर्जाऊ पैसे देण्याचे रोखे, घेऊन आला (कंपनी परराज्यातली, नाव घेत नाही) तेव्हा त्याचं एकच वाक्य मला पुरलं : "काका, वारा काय आटणार आहे का?" व्याज पावणेअकरा टक्के, माहितीपत्रकावर ठळक ‘सिक्युअर्ड’, म्हणजे तारण असलेलं. "एफडीच समजा," म्हणाला. एसटीतून निवृत्त होताना मिळालेल्या पीएफमधले चार लाख घातले. बँकेतल्या ठेवीला विमा असतो, डिबेंचरला छदामाचाही नाही, हे विचारायचं सुचलंच नाही.

तीन वर्षं व्याज चोख आलं. मग थांबलं. "वीज वितरणवाल्यांनी कंपनीची बिलं थकवलीत," एजंट म्हणाला. ते खरंच होतं. मुलीनं माहितीपत्रक काढून बारीक अक्षरांवर बोट ठेवलं : जमीन आणि पवनचक्क्यांवर पहिला बोजा बँकांचा. आमचा दुसरा, तोही फक्त येणे बाकीवर. म्हणजे ज्या थकलेल्या बिलांपायी व्याज थांबलं, तीच आमचं तारण!

पुढे डिबेंचर ट्रस्टीचं, म्हणजे आम्हा धारकांच्या वतीनं तारण सांभाळणाऱ्या संस्थेचं, रजिस्टर पत्र आलं. बँका कर्जाची फेररचना करणार, त्यांच्या करारात ट्रस्टीनं सामील व्हायचं का? सेबीच्या ऑक्टोबर 2020 च्या परिपत्रकानुसार मूल्यानं 75 आणि संख्येनं 60 टक्के धारकांची संमती लागते. एकदा ती मिळाली की नको म्हणणाराही बांधला जातो. एजंट घरी आला. "सही करा, नाहीतर शून्य मिळेल." त्याच्या स्कूटरच्या सीटवर कागद ठेवून सही केली, फेररचनेची योजना न वाचता. सह्या गोळा करण्याचेही त्याला पैसे मिळत होते, हे नंतर कळलं. आधी विकताना कमिशन, मग बुडताना कमिशन!

कुठल्या मालमत्तेवर कुणाचा बोजा, याची नोंद कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर दिसते. पैसे घालण्याआधी बघा, आणि ट्रस्टीचं पत्र आलं तर योजनेची पूर्ण प्रत मागा. मी दोन्ही केलं नाही.

चार लाखांतले 1 लाख 40 हजार कमी व्याजावर, लांबलेल्या मुदतीनं उरले. बाकी 2 लाख 60 हजारांचे नवे डिबेंचर झाले, परतफेड 2040 ला, व्याज 0.01 टक्का. तेव्हा मी 84 वर्षांचा असेन. एप्रिलमध्ये पासबुक भरून आणलं, त्यात वर्षाच्या व्याजाची नोंद आहे : 26 रुपये.