आखाजीला आलेली सेव्हन: नऊ महिन्यांनंतर

ही गाडी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घरी आली आणि आता संक्रांत होऊन गेली. मीटरवर 1,140 किलोमीटर पडलेत. अमळनेरजवळच्या आमच्या मळ्यापासून जिनिंगपर्यंत (सरकी काढायच्या कारखान्यापर्यंत) दोन किलोमीटरची स्वतःची वाट आहे, आणि जिनिंगचं सिमेंटचं पटांगण. सगळं फिरणं तेवढ्यातच. एवढं चालवल्यावर बोलायला हरकत नाही, कारण गाडी बघायला येणारा प्रत्येक जण एकच विचारतो: बाहेरून मागवायची की इथेच बनवून घ्यायची?

गाडी म्हणजे 1957 साली इंग्लंडमध्ये आलेल्या लोटस सेव्हनची प्रतिकृती. दोन सीट, छत नाही, लांब नाक, पुढच्या चाकांवर सुटे मडगार्ड. डिझाइन लोटसचे संस्थापक कॉलिन चॅपमन यांचं. 1973 मध्ये हक्क केटरहॅमकडे गेले आणि ती कंपनी आजही हाच आकार बनवते. कॉलेजात असताना मी तिचा फोटो वहीत चिकटवला होता, तेव्हापासूनचं हे वेड.

आधी मी बाहेरून मागवायच्याच मागे होतो. मुंबईच्या एका एजंटाकडे चार महिने घालवले. जुनी गाडी आयात करायची तर बनवल्यापासून तीन वर्षांच्या आतली आणि उजव्या स्टिअरिंगची लागते. व्हिंटेज म्हणून नोंदवायची तर 2021 च्या नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीला 50 वर्षं झालेली हवी, तीही मूळ स्वरूपातली. वीस वर्षांपूर्वी बनवलेली प्रतिकृती यातल्या कशातच बसत नाही. नवी कोरी मागवा, तर चाचणीचं प्रमाणपत्र, जहाजाचं भाडं आणि गाडीच्या किमतीहून जड ड्युटी. एजंटाचा आकडा 68 लाखांवर गेला, तेव्हा मी कागद गुंडाळून ठेवले.

तरी मोह सुटला नाही. निदान नाक तरी अस्सल असावं म्हणून फायबरचं पुढचं नाक तिकडून मागवलं. कुरिअर आणि ड्युटी धरून 41 हजार. खोकं उघडलं तर कडेपासून खालपर्यंत वीतभर तडा. एजंटाने हात वर केले, क्लेमचा मेल आजही अनुत्तरित आहे. त्या दिवशी मला खरंच रडू आलं होतं.

ते तडकलेलं नाक टेम्पोत टाकून मी धुळ्याला बापूंकडे नेलं. बापू आग्रा रोडच्या मागच्या गल्लीत ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवतात. त्यांनी नाक उलटंपालटं केलं, बोटाने जाडी चाचपली आणि म्हणाले, “आप्पा, नमुना शे ना? मंग मी करी दिसू.” म्हणजे नमुना आहे ना, मग मी करून देतो. शेजारी कूलरच्या फायबर बॉड्या करणारा एक पोरगा होता. त्याने तडा मेणाने बुजवला, नाकावरूनच साचा काढला आणि पाच दिवसांत दोन नाकं ओतली. एक लावलं, एक सुटं ठेवलंय. दोन्हींचे मिळून साडेसात हजार.

चासी, म्हणजे गाडीचा सांगाडा, 25 एमएमच्या चौकोनी पाइपची, सोळा गेज जाडीची, सीओटू वेल्डिंगने केलेली. बापूंनी आधी जमिनीवर खडूने पूर्ण मापात गाडी आखली. प्रत्येक जोड गुण्या लावून, आधी टाके मारून, आठ दिवस तसाच ठेवला. तिरका निघाला की टाका कापायचा आणि परत. इंजिन, गिअरबॉक्स, मागचा एक्सल जुन्या ओम्नीचा. ओम्नी 62 हजारांना घेतली आणि तिची नोंदणी रीतसर रद्द केली. व्हॅनचं इंजिन स्पोर्ट्स कारमध्ये म्हणून नाक मुरडणारे भेटतात. त्यांना मी दोन गोष्टी सांगतो. मूळ सेव्हनमध्ये फोर्डचं 1,172 सीसीचं साधं इंजिन होतं, जेमतेम 40 अश्वशक्तीचं. ओम्नीचं 796 सीसीचं इंजिन 35 च्या आसपास देतं. दुसरी त्याहून गोड: खुद्द केटरहॅमने 2013 मध्ये सेव्हन 160 आणली तेव्हा तीत सुझुकीचं 660 सीसीचं तीन सिलिंडर टर्बो इंजिन आणि सुझुकीचाच मागचा एक्सल घातला. बापूंना हे मोबाइलवर दाखवलं तर ते बराच वेळ तो फोटो मोठा करून बघत राहिले.

एकूण खर्च 3 लाख 40 हजार. जिनिंगच्या काट्यावर वजन केलं, 560 किलो. ओम्नी 780 च्या घरात असते. तो फरक पहिला गिअर सोडताक्षणी कंबरेला कळतो. मागच्या स्प्रिंगचे पाटे कमी केल्यामुळे दणके फार बसत नाहीत. पटांगणाच्या वळणावर पुढचं चाक कुठे जातंय हे डोळ्यांनी दिसतं, मडगार्डखाली माती उडताना दिसते. साठच्या वेगाला असं वाटतं की मी जमिनीवर बसूनच पळतोय.

आता त्रास. पहिला उन्हाचा. वैशाखात आमच्याकडे पारा 43-44 वर जातो आणि हळू चालवताना इंजिनच्या तापमानाचा काटा लाल पट्टीला टेकायचा. ओम्नीचा रेडिएटर पुढे अरुंद नाकात बसवलेला, वारा बाजूने निसटत होता. बापूंनी पत्र्याचं कोंडाळं करून सगळा वारा रेडिएटरमधूनच जाईल असं केलं, पंखा मोठा घातला. जूनपासून तक्रार नाही.

दुसरा त्रास मोठा होता. पोळ्याच्या आसपास, 420 किलोमीटरला, पुढच्या डाव्या सस्पेन्शनच्या ब्रॅकेटजवळ वेल्डिंगला केसासारखी भेग दिसली. स्टिअरिंग डावीकडे ओढत होतं म्हणून खाली वाकून पाहिलं, नाहीतर कळलंच नसतं. फोन केला. बापू दुसऱ्या दिवशी सकाळी मशीन घेऊन मळ्यात हजर. त्यांनी नुसतं भरण केलं नाही. जोड कापला, दोन्ही बाजूंना तिकोनी पट्ट्या घातल्या आणि उजव्या बाजूला भेग नसतानाही तिथेही घातल्या. पैसे घेतले नाहीत. “माल मना हातना शे,” माल माझ्या हातचा आहे, एवढंच म्हणाले. तेव्हापासून दर पंधरा दिवसांनी मी सगळे जोड फडक्याने पुसून बॅटरीच्या उजेडात बघतो. बनवून घेणाऱ्या प्रत्येकाने हे करावं, घरची गाडी आहे म्हणून सूट नाही.

बारीकसारीक बरंच आहे. सायलेन्सर डाव्या अंगाने जातो, पुतण्याच्या पोटरीला चटका बसला, मग जाळीचा पत्रा लावला. ॲल्युमिनियमच्या बाजूच्या पत्र्यांचे रिव्हेट खडखडतात. पावसाळ्यात दोन महिने गाडी ताडपत्रीखालीच होती. काळ्या मातीच्या धुळीने एअर फिल्टर महिन्याला साफ करावा लागतो.

रस्त्यावर मी ही गाडी एकदाही काढलेली नाही. 1988 च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 मध्ये कंपनीच्या मूळ रचनेत फेरफार करायला मनाई आहे, इथे तर चासीच नवी. तिला नंबर मिळणार नाही. भाचीच्या लग्नात लॉन्सच्या आवारात नवरीला गेटपासून स्टेजपर्यंत आणली, तेव्हाही गाडी टेम्पोतून नेली आणि टेम्पोतूनच परत आणली. कोणी बनवून देणारा “आरसी ओम्नीची दाखवू” म्हणाला, तर त्याच्याकडून गाडी घेऊ नका. बापूंनी पहिल्याच दिवशी मला हे स्वतःहून बजावलं होतं.

कारखान्याची गाडी काही बाबतींत निश्चितच वरचढ आहे. तिचं सस्पेन्शन वर्षानुवर्षं ट्रॅकवर तपासलेलं असतं, ब्रेकची खात्री असते, सुट्या भागांची छापील यादी असते. माझ्या गाडीचे मागचे ड्रम ब्रेक उतारावर दोन-तीनदा सलग दाबले की मऊ लागतात, आणि ते मला टोचतं. पण ज्याने जोड मारला तो माणूस दीड तासावर आहे आणि चूक आपली म्हणून कबूल करतो, हे मला 68 लाखांत मिळालं नसतं. त्या गल्लीत आज आणखी एक चासी खडूने आखलेली आहे, पारोळ्याच्या एका डॉक्टरांची. तिच्यात तिकोनी पट्ट्या पहिल्यापासूनच आहेत.

शनिवारी बापू ब्रेकचे लायनर बदलायला येणार आहेत. सोबत कूलरवाला पोरगाही येतोय, मडगार्डचं माप घ्यायला.