पितळी धूपपात्राचा संच: भांडं घ्या, सोबतचा धूप नको

मिस्सेसाठी, म्हणजे कॅथलिक चर्चमधल्या मुख्य उपासनेसाठी, लागणारं साखळ्यांचं धूपपात्र आता ऑनलाइन अख्ख्या संचात मिळतं: मुरादाबादी घडणीचं पितळी भांडं, धूप ठेवायची होडीच्या आकाराची डबी, छोटा चमचा, कोळशाच्या चकत्यांचं पाकीट आणि धुपाची पुडी. भांडं दमदार आहे. कोळसा आणि धूप मात्र वेदीजवळ नेण्याच्या लायकीचे नाहीत.

भांड्याची उंची झाकणासकट साधारण २४ सेंटिमीटर, साखळ्या ९० सेंटिमीटरच्या. तीन साखळ्या वाटीच्या काठाला जोडलेल्या आणि झाकणाच्या कड्यांतून वर गेलेल्या. चौथी झाकण उचलायला. स्वस्त भांडी इथेच दगा देतात. कड्या अरुंद असल्या की झाकण तिरकं होऊन अडकतं आणि फादर चमचा हातात धरून थांबतात. या भांड्याचं झाकण सरळ वर सरकतं. काठाचे जोडही रिव्हेटचे आहेत. कथलानं झाळलेली कडी घेऊ नका. कथलाचा जोड दोनशे अंशांच्या आसपासच मऊ पडतो आणि पेटलेला कोळसा त्याहून कितीतरी तापतो. भर मिरवणुकीत साखळी सुटली, तर निखारे सरळ गालिच्यावर.

नव्या पितळेवर लाखेचा पातळ थर असतो. पहिल्याच दिवशी देवळात वापरलंत तर तोच जळून घाण वास सुटतो. आधी अंगणात एक चकती पूर्ण जळू द्या. आतल्या लोखंडी वाटीत एक सेंटिमीटर कोरडी वाळू घाला, म्हणजे पितळ काळं पडत नाही आणि कोळशाला खालून हवा मिळते.

सोबतच्या चकत्या ३३ मिलिमीटरच्या आणि ठिसूळ आहेत. त्यांत सोरा जास्त, त्यामुळे ठिणग्या उडत झटकन पेटतात, पण अर्पणाच्या (भाकर आणि द्राक्षारस वेदीवर आणण्याच्या) वेळेपर्यंत राख होतात. ४० मिलिमीटरच्या वेगळ्या घ्या. त्या पाऊण तास सहज टिकतात. चिमट्यात धरून कडेला ज्योत लावा आणि सगळीकडे करडी राख चढेपर्यंत पाच-सात मिनिटं थांबा. त्याआधी धूप टाकला तर सोऱ्याचा धूर त्यात मिसळतो, आणि पहिल्या बाकावरची माणसं खोकतात ती बहुधा त्यामुळेच. शुभवर्तमानाच्या (येशूच्या चरित्रातल्या उताऱ्याच्या) वाचनाला भरपूर धूर हवा असेल, तर दुसरी चकती पहिल्या वाचनाच्या वेळी पेटवा. पावसाळ्यात कोळसा ओल धरतो, म्हणून पाकीट घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. ईस्टरच्या आदल्या रात्रीच्या जागरणाला तर चकतीची गरजच नाही; त्या रात्री विधीच्या सुरुवातीला पेटवलेल्या नव्या अग्नीतलेच निखारे धूपपात्रात घालायचे असतात, आणि ते फार सुंदर दिसतं.

पुडीतला धूप म्हणजे रंगवलेला भुसा आणि अत्तर. बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाच्या ३० व्या अध्यायात दर्शनमंडपातल्या (मंदिराआधीच्या पवित्र तंबूतल्या) धुपाची कृती आहे: नाटाफ, शहेलेथ, खेलबना ही तीन सुगंधी द्रव्यं आणि निर्भेळ धूप, चारही समभाग, त्यात मीठ, आणि काही भाग अगदी बारीक कुटलेला. त्यातला शेवटचा घटक बोसवेलिया जातीच्या झाडाचा डिंक, ओमान आणि सोमालियाकडून येणारा. त्याच जातीचं आपलं झाड म्हणजे सालई, सातपुडा आणि विदर्भाच्या कोरड्या जंगलांतलं. सालईचा डिंक आयुर्वेदिक औषधांच्या दुकानात मिळतो. वास ओमानी धुपापेक्षा हलका, राळेकडे झुकणारा, पण खरा. लोबान मागाल तर बहुतेक दुकानांत भलत्याच झाडाचा, गोडसर वासाचा डिंक हाती पडतो. तो एकटा वापरला तर जड होतो.

डिंकाचे खडे अर्ध्या वाटाण्याएवढे फोडा. पूड भस्सकन जळून जाते. एका वेळी अर्धा चमचा पुरे. जास्त घातला तर डिंक वितळून कोळशावर पसरतो आणि कोळसा गुदमरतो. काळा चिकट थर जमला की करपट वास येऊ लागतो. तो चिमट्यानं खरवडून मगच पुढचा धूप घाला.

हेलकाव्यांसाठी ९० सेंटिमीटरची साखळी मोठ्यांना बरोबर आहे. लहान वेदीसेवकाला ती लांब पडते आणि भांडं पायरीला आपटतं. त्यानं ती मुठीजवळ दुमडून धरावी. पवित्र साक्रामेंत (अभिषिक्त भाकर), अर्पणं, वेदीचा क्रूस, पास्काची (ईस्टरची) मेणबत्ती, धर्मगुरू आणि भाविक यांना तीन हेलकावे. संतांचे अवशेष आणि मूर्ती यांना दोन, तेही फक्त विधीच्या सुरुवातीला. वेदीभोवती फिरताना एकेक.

सोबतच्या डबीची बिजागरी सैल आहे आणि चमचा उथळ. दोन्ही चालवून घेता येतात. भांडं सुटं मिळत असेल तर सुटंच मागवा. वापरून झाल्यावर निखारे ओल्या वाळूत विझवा, भांडं पूर्ण गार होऊ द्या, आणि झाकणाच्या भोकांत साचलेली राळ स्पिरिटच्या बोळ्यानं पुसून काढा. धुण्याच्या सोड्याचं गरम पाणीही चालतं, फक्त नंतर साखळ्या कोरड्या करायला विसरू नका.