‘मूळ जुना साठा’ म्हणून विकलेले एअर फिल्टर आणि झिजलेले इंजिन

जुन्या मोटरसायकलचे सुटे भाग शोधून विकत घेणाऱ्या प्रत्येकाने हा अनुभव सावकाश वाचावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. साठच्या दशकातील ६५० सीसीच्या, दोन सिलिंडर आणि दोन कार्ब्युरेटर (हवा आणि पेट्रोल मिसळणारे भाग) असलेल्या ब्रिटिश गाडीसाठी एका विक्रेत्याने मला एअर फिल्टरची जोडी विकली. हे फिल्टर त्याच काळात बनलेले, कधीही न वापरलेले आणि मूळ खोक्यात जपून ठेवलेले आहेत, असे त्याने लेखी कळवले होते. सोबत ‘९९ टक्के धूळ अडवतो’ असे सांगणारे एक चाचणी-प्रमाणपत्रही होते. यांतील एकही गोष्ट खरी नव्हती, आणि हे उघड होईपर्यंत, नुकतेच रिबोअर करून, म्हणजे सिलिंडर आतून पुन्हा कोरून, नवे पिस्टन व त्यांभोवतीच्या नव्या रिंगा बसवलेले इंजिन पुन्हा खोलण्याची वेळ आली होती.

या फसवणुकीतली सर्वांत वाईट गोष्ट म्हणजे ती घडत असताना गाडी उत्तम चालते. ब्रेकचे लायनर नकली असतील तर पहिल्या उतारावर कळते, साखळी हलकी असेल तर ती लवकर सैल पडते. पण फिल्टर जितका निकामी, तितकी हवा मोकळेपणाने आत जाते आणि इंजिन तितकेच हलके वाटते. माझीही गाडी पहिल्या किकला सुरू होत होती आणि वरच्या वेगात आधीपेक्षा बरी ओढत होती. स्पार्क प्लगचा रंग तेवढा पांढुरका दिसू लागला, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडत होते. विक्रेत्याला कळवले तेव्हा, मूळ फिल्टर असेच मोकळे असतात, मेन जेट (कार्ब्युरेटरमधले पेट्रोलचे मुख्य छिद्र) थोडा मोठा बसवा, असे त्याने आत्मविश्वासाने सांगितले. जेट बदलल्यावर प्लगचा रंग सुधारला आणि एकमेव दिसणारी खूणही पुसली गेली.

आत काय चालले होते, हे समजण्यासाठी हवेचे प्रमाण डोळ्यांसमोर आणायला हवे. एक लिटर पेट्रोल नीट जळायला सुमारे ११ किलो, म्हणजे जवळजवळ ९,००० लिटर हवा लागते. रस्त्यावरच्या त्या हवेतल्या धुळीत क्वार्ट्झचे कण असतात. मोह्स मापनावर क्वार्ट्झची कठीणता ७ आहे, आणि ज्या बिडाच्या सिलिंडरवर रिंगा सरकतात ते बीड त्याहून मऊ असते. रिंग आणि सिलिंडर यांच्यामधला तेलाचा थर काही मायक्रॉनचाच (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असतो. त्यामुळे खरी हानी डोळ्यांना दिसणाऱ्या वाळूपेक्षा ५ ते २० मायक्रॉनच्या कणांनी अधिक होते, कारण ते नेमके त्या फटीत शिरतात आणि घासत राहतात. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, यावरून या कणांची कल्पना यावी.

जुन्या गाड्यांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे, जी आजच्या गाड्यांची सवय असलेल्यांच्या ध्यानात येत नाही. या इंजिनांत तेलासाठी कागदी फिल्टर नसतो. असते ती एक तारेची जाळी, आणि अनेक दोन-सिलिंडर इंजिनांत क्रँकशाफ्टच्या आत गाळ साठण्यासाठी ठेवलेली एक पोकळ नळी. जाळीतून बारीक धूळ आरपार जाते. हवेबरोबर आलेला कण रिंगांना चुकवून खाली उतरला, की तो तेलात मिसळून बेअरिंगांपर्यंत पोहोचतो. म्हणून अशा गाडीवर एअर फिल्टर हाच धुळीविरुद्धचा एकमेव खरा पहारेकरी असतो, आणि त्याच जागी नकली वस्तू विकणारा माणूस तुमचे सगळे इंजिन पणाला लावत असतो.

पुढे तेल कमी होऊ लागले आणि डाव्या बाजूच्या एक्झॉस्टमधून निळसर धूर दिसू लागला. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजले तर दोन्ही सिलिंडरचे उतरलेले होते, पण डावे बरेच अधिक. इंजिन खोलल्यावर सिलिंडरच्या भिंती चकचकीत असण्याऐवजी मंद राखाडी दिसल्या, त्यांवर उभ्या बारीक रेषा होत्या, आणि वरची रिंग जिथे थांबून परत फिरते तिथे बोटाला स्पष्ट लागेल असा कंगोरा तयार झाला होता. वरच्या रिंगेचे तोंड, म्हणजे तिच्या दोन टोकांमधली फट, फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) मोजले तेव्हा ते खूपच रुंद निघाले, तर खालची, तेल पुसणारी रिंग मात्र बरीच शाबूत होती. तेलातल्या घाणीने झीज झाली असती तर खालची रिंग आणि पिस्टनचा खालचा भाग आधी गेला असता. वरची रिंग आधी झिजते, तेव्हा धूळ वरून, म्हणजे हवेच्या वाटेने आलेली असते.

विक्रेत्याने ठरलेली उत्तरे दिली: रिबोअरनंतर सुरुवातीला गाडी जपून चालवली नसेल, तेल चुकीचे असेल, रिबोअर वाकडे झाले असेल. या तिन्हींना डाव्या सिलिंडरनेच उत्तर दिले. दोन्ही सिलिंडर एकाच दिवशी, एकाच मशीनवर बोअर झाले होते, त्यांत एकच तेल फिरत होते आणि ते एकाच गाडीत सारखेच अंतर धावले होते. फरक होता तो फिल्टरमध्ये. डाव्या फिल्टरची गोल कड नीट दाबलेली नव्हती. ती कार्ब्युरेटरच्या तोंडाशी सर्वत्र टेकत नव्हती आणि एका बाजूला पातळ फट राहत होती. त्या फटीच्या बरोबर समोर कार्ब्युरेटरच्या आतल्या भिंतीवर मातकट पट्टा उमटलेला होता. या पट्ट्याचे फोटो पाठवल्यावर विक्रेत्याने उत्तर देणेच थांबवले.

फिल्टर कापून पाहिले तेव्हा उरलेला उलगडा झाला. आतला कागद साधा होता. इंजिनाच्या फिल्टरचा कागद राळेत भिजवून कडक केलेला असतो, म्हणून त्याच्या घड्या ओलसर हवेतही उभ्या राहतात. इथे त्या एकमेकींवर कलंडल्या होत्या. दिव्यासमोर धरल्यावर घड्यांच्या टोकांशी प्रकाशाचे ठिपके दिसत होते. कडेचा रबर मऊ आणि ताजा होता, जो पन्नास वर्षे खोक्यात पडून असा राहत नाही. खोक्याचा पुठ्ठा बाहेरून तपकिरी, पण घड्यांच्या आत पांढराशुभ्र होता आणि त्याला मारलेल्या पिनांवर गंजाचा लवलेशही नव्हता. जुनेपणा बाहेरून चढवलेला होता.

प्रमाणपत्राबद्दल थोडे सविस्तर सांगतो, कारण या कागदावर विश्वास ठेवायला लावणे हाच या धंद्याचा पाया आहे. इंजिनाच्या एअर फिल्टरची चाचणी आयएसओ ५०११ या मानकानुसार होते आणि तिच्यासाठी लागणाऱ्या धुळीच्या श्रेणी आयएसओ १२१०३-१ मध्ये ठरवून दिल्या आहेत. खऱ्या अहवालात कोणती धूळ वापरली, हवेचा प्रवाह किती होता आणि अडथळा किती निर्माण झाला, हे लिहिलेले असते. माझ्याकडच्या कागदावर फक्त टक्केवारी आणि एक शिक्का होता. ही टक्केवारी वजनावर काढतात, आणि १०० मायक्रॉनच्या एका कणाचे वजन १० मायक्रॉनच्या तशाच हजार कणांइतके भरते. त्यामुळे जाड वाळू अडवून कोणीही मोठा आकडा दाखवू शकतो आणि घातक बारीक धूळ मात्र सुखाने आत जाते.

असे विक्रेते आणखी एक युक्तिवाद करतात, आणि तो ऐकायला खरा वाटतो: जुन्या गाड्या फिल्टरशिवायच धावत होत्या, तेव्हा इतकी चिंता कशाला? अनेक गाड्यांच्या कार्ब्युरेटरला नुसते उघडे तोंड असे, हे खरे आहे. पण त्या काळी रिबोअर हे देखभालीतलेच नेहमीचे काम मानले जाई आणि पिस्टन सहज मिळत. शिवाय, दुसऱ्या महायुद्धात वाळवंटात पाठवलेल्या बीएसए एम२० या ब्रिटिश लष्करी मोटरसायकलींना पेट्रोलच्या टाकीवर भलामोठा फिल्टर बसवलेला असे. धुळीची किंमत तेव्हाही नीट माहीत होती.

खोके अस्सल असले तरी फिल्टरच्या बाबतीत ‘मूळ जुना साठा’ या शब्दांना मी आता काहीही मोल देणार नाही. इतक्या वर्षांत डिंक सुकतो, रबर कडक होतो आणि फोमचा तर भुगा होऊन तो थेट इंजिनात ओढला जातो. आकार जुना आणि आतला भाग आजचा, बनवणाऱ्याचे नाव उघड लिहिलेला, असा फिल्टर घ्यावा. तेल लावून वापरायचा कापडी किंवा फोमचा फिल्टर असेल, तर धुतल्यावर पुन्हा तेल लावल्याशिवाय तो बसवू नये, कारण कोरडा असताना तो बारीक धूळ धरत नाही. बसवण्यापूर्वी कड सर्व बाजूंनी टेकते का, ते पाहावे. फिल्टर आणि कार्ब्युरेटर यांच्यामधल्या स्वच्छ बाजूला आतून ग्रीसचा पातळ हात फिरवावा, धुळीच्या रस्त्यावर एक फेरी मारावी आणि ते ग्रीस पांढऱ्या फडक्यावर पुसून दोन बोटांत चोळून पाहावे. बोटांना खरखर लागली तर गाडी तिथेच थांबवावी. निळा धूर दिसण्याची वाट पाहू नये.

ज्यांचे असे नुकसान आधीच झाले आहे, त्यांनी नव्या रिंगा घालून इंजिन लगेच पुन्हा जोडून टाकू नये. क्रँकशाफ्टमधली गाळाची नळी बाहेर काढून साफ करावी, तेलाची टाकी आणि सगळ्या वाटा धुवाव्यात आणि बेअरिंगे तपासून घ्यावीत, कारण आत गेलेली धूळ सिलिंडरबरोबर बाहेर येत नाही. माझ्या इंजिनातल्या त्या नळीतून निघालेला चिखल बोटांत चोळला, तेव्हा त्यातही तीच खरखर होती.