रोजच्या सायकलीला गिअर कोणते: हबच्या आतले की बाहेरचे?

रोज कामावर जायला सायकल घेत असाल तर आधी मागचं चाक बघा. गिअर हबच्या (चाकाच्या मधल्या गोल नळीच्या) पोटात आहेत की चेन बाहेरच्या चक्रांवरून सरकते, यावर देखभालीत किती वेळ जाणार ते ठरतं.

1885 मध्ये जॉन केम्प स्टार्लीच्या 'रोव्हर' सायकलीने मागच्या चाकाला चेन हा साचा रुजवला, 1888 मध्ये डनलॉपचा हवेचा टायर आला आणि सायकल रोजच्या ये-जा करण्याच्या कामी येऊ लागली. इंग्लंडमध्ये 1902 साली आलेला स्टर्मी-आर्चरचा तीन गिअरचा हब याच वापरात मुरला. बाहेरचे गिअर मात्र फ्रान्समधल्या डोंगरवाटांवर लांब पल्ले मारणाऱ्यांनी वाढवले. टूर द फ्रान्स या मोठ्या सायकल शर्यतीत त्यांना 1937 मध्ये परवानगी मिळाली.

चढाच्या बाबतीत बाहेरचे गिअर सरस, यात वाद नाही. जुन्या तीन गिअरच्या हबमध्ये मधला गिअर थेट असतो (मागचं चक्र जितकं फिरतं तितकंच चाक फिरतं), खालचा 25 टक्के हलका आणि वरचा 33 टक्के जड. म्हणजे सगळ्यात जड गिअर सगळ्यात हलक्याच्या 1.78 पट. बाहेरच्या गिअरमध्ये पुढच्या तीन चक्रांना 28-38-48 आणि मागच्यांना 14 ते 28 दाते असतील तर हेच प्रमाण 3.4 पट होतं. रोज सामान लादून लांब चढ चढायचा असेल तर बाहेरचेच घ्या.

साधारण चढउतार असतील तर हब बाद करण्याची घाई नको. बऱ्याच सायकलींना मागे 18 दात्यांचं चक्र असतं आणि त्यामुळे तिन्ही गिअर जड पडतात. ते स्प्रिंगच्या कडीने अडकवलेलं असतं. स्क्रू ड्रायव्हरने कडी काढून 22 दात्यांचं बसवलं की तिन्ही गिअर सुमारे 18 टक्के हलके होतात. चेन साधारण दोन कड्यांनी वाढवावी लागते.

गर्दीच्या रस्त्यावर हबचा मोठा फायदा कळतो: सिग्नलला उभ्या उभ्या गिअर बदलता येतो. बाहेरचे गिअर पायडल फिरत असतानाच बदलतात. जड गिअरमध्ये थांबलात तर जड गिअरमध्येच निघावं लागतं.

बिघाड दोन्हीकडे आहेत. जुन्या हबमध्ये दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरच्या मध्ये एक रिकामी जागा असते. केबल सैल झाली की पायडल अचानक पोकळ फिरतं आणि उभं राहून चालवणारा पडू शकतो. उपाय दोन मिनिटांचा: लिव्हर दुसऱ्यावर ठेवा, मागच्या चाकाच्या उजव्या नटाच्या खिडकीतून बघा आणि केबलला जोडलेल्या, हबमध्ये शिरणाऱ्या बारीक साखळीच्या दांडीचा खांदा आसाच्या टोकाशी समपातळीत येईपर्यंत केबल जुळवा. आसावर दात असलेले वॉशर हवेतच. ते नसले तर आस फिरतो आणि नट ढिले होतात. बाहेरच्या गिअरचं दुखणं वेगळं. सायकल उजव्या अंगावर पडली की गिअर लटकवणारा तुकडा वाकतो आणि सर्वांत हलका गिअर टाकताना अख्खी यंत्रणा स्पोकमध्ये घुसू शकते. पडल्यावर मागून पाहून घ्या: त्या यंत्रणेतली, चेन जिच्यावरून जाते ती दोन्ही छोटी चक्रं चाकाच्या सरळ रेषेत हवीत.

चेन मोजायची तर 24 कड्या घ्या. नवी असताना बरोबर 12 इंच भरते. बाहेरच्या गिअरला 1/16 इंच वाढली की बदला, हबला 1/8 इंचापर्यंत चालते. हबची चेन पूर्ण बंद कव्हरमध्ये बसते, त्यामुळे चिखल-पाणी लागत नाही आणि ती कितीतरी जास्त टिकते. पावसात रोज चालवणाऱ्याने हा मुद्दा सर्वांत वर ठेवावा.

मागचं पंक्चर हबवाल्यांना नकोसं होतं: गिअरची बारीक साखळी सोडा, दोन नट काढा, चाक परत बसवताना चेनला साधारण 1 सेंटिमीटर खेळ ठेवा, केबल पुन्हा जुळवा. म्हणून चाक न काढता टायरची एक बाजू उघडून ट्यूब बाहेर ओढावी आणि तिथेच ठिगळ लावावं.

जुनी हबवाली घेताना हबच्या कवचावर बघा. बऱ्याच हबांवर बनल्याचं साल कोरलेलं असतं. तेलाची टोपी असेल तर थोडं पातळ तेल घालून तिन्ही गिअरमध्ये जोर लावून चालवून बघा. तेल दिल्यावरही गिअर सुटत असेल आणि केबल नीट जुळलेली असेल, तर आतले दाते झिजलेत. ती सायकल सोडा.