इरेडा की महाऊर्जा: कुठली तिजोरी सांभाळणं अवघड?

दिल्लीची इरेडा ही केंद्र सरकारची अक्षय ऊर्जेसाठीची वित्तसंस्था कर्ज देते, पुण्याची महाऊर्जा ही राज्य सरकारची ऊर्जा संस्था अनुदान पोचवते. इरेडाच्या वित्तप्रमुखाने बाजारातून पैसा उभारायचा, सौर-पवन प्रकल्पांना लांब मुदतीने द्यायचा आणि व्याजातल्या फरकावर संस्था चालवायची. नोव्हेंबर 2023 मध्ये 32 रुपयांना शेअर विकल्यापासून दर तिमाहीला थकीत कर्जाचा आकडा चारचौघांत येतो.

महाऊर्जेत प्रश्न वेळेचा, आणि मला तोच जास्त अवघड वाटतो. कुसुम या केंद्राच्या सौरपंप योजनेत महाराष्ट्रातला शेतकरी सौरपंपाच्या किमतीचे 10 टक्के भरतो (अनुसूचित जाती-जमातींसाठी 5). उरलेली रक्कम सरकारी. बसवलेल्या पंपाचा पाहणी अहवाल रखडला की पुरवठादाराचं बिल अडतं, पुढचे पंप बसवताना तो हात आखडता घेतो आणि पैसे भरून बसलेला शेतकरी ऐन रब्बीत डिझेल इंजिनच ओढत राहतो.