सलाइन लावायचा सराव-हात: नर्सिंग स्कूलने घ्यावा का, किती घ्यावेत?

जिल्ह्याच्या गावातल्या रुग्णालयाला बाहेरून आलेल्या नर्सवर कायमचं विसंबून राहता येत नाही. अनुभवाचं पत्र हातात पडलं की बऱ्याच जणी पुण्या-मुंबईकडे किंवा आखाताकडे निघतात, आणि त्यात त्यांचं काही चुकतही नाही. टिकण्याची शक्यता जास्त असते ती आसपासच्या गावातल्या, त्याच रुग्णालयाच्या शाळेत जीएनएम या नर्सिंग डिप्लोमाची ३ वर्षं काढलेल्या मुलामुलींची. त्यांना पेशंटची बोली कळते, घर जवळ असतं. म्हणून त्यांच्या शिकण्यावर केलेला खर्च वाया जात नाही, आणि त्या खर्चात सलाइन लावायचा सराव-हात, म्हणजे सुई टोचायला शिकण्याचा नकली हात, हवाच. आयुष्यात पहिल्यांदा सुई धरलेल्या विद्यार्थिनीने ती तापाने फणफणलेल्या म्हाताऱ्या पेशंटच्या हातावर शिकू नये. पेशंटसाठीही नको आणि तिच्यासाठीही नको.

हे परीक्षण साध्या हाताचं आहे. सेन्सर आणि स्क्रीनवाले महागडे हात वेगळे.

वस्तू सोपी आहे. आत कडक गाभा, त्यावरच्या खाचांत बसवलेल्या रबरी नळ्या म्हणजे शिरा, आणि वरून मोज्यासारखी चढवलेली लेटेक्सची किंवा सिलिकॉनची कातडी. नळीचं एक टोक वर टांगलेल्या लाल पाण्याच्या पिशवीला जोडतात, दुसरं खाली ठेवलेल्या रिकाम्या पिशवीला. बोटाने दाबलं की शीर लवचिक लागते. सुई नळीत शिरताना हलकासा 'टक्' जाणवतो आणि सुईमागच्या पारदर्शक कप्प्यात (चेंबर) लाल दिसतं. हा 'टक्' ओळखायला शिकवणं हेच या हाताचं खरं काम आणि ते तो चोख करतो.

सरावासाठी २२ नंबरचा निळा किंवा २० नंबरचा गुलाबी कॅन्युला (आत सुई आणि तिच्यावर शिरेत ठेवायची प्लास्टिकची बारीक नळी) घ्यावा. १८ नंबरचा जाड हिरवा रोज वापरला तर हाताच्या रबरी नळीची लवकर चाळण होते. सुईचं तिरकं तोंड वर, कोन साधारण १० ते ३० अंश. लाल दिसलं की कोन आणखी कमी करून सुई २-३ मिलिमीटर आत न्यायची आणि मगच प्लास्टिकची नळी पुढे सरकवायची. नव्या विद्यार्थ्यांची चूक इथेच होते. लाल दिसताच आनंदाने ते प्लास्टिक ढकलतात. तेव्हा फक्त सुईचं टोक शिरेत असतं, प्लास्टिकचं अजून बाहेरच, म्हणून ते अडतं आणि मुरगळतं. ही चूक हातावर दहादा झाली तरी चालते, वॉर्डात एकदाही नको.

आता हाताची सर्वांत मोठी उणीव. टर्निकेट (शीर फुगावी म्हणून दंडाला बांधायचा पट्टा) बांधा किंवा सोडा, याची शीर भरलेलीच असते, कारण दाब पिशवीतून येतो. त्यामुळे टर्निकेट सोडायचं राहून गेलं तरी काहीच बिघडत नाही आणि तीच सवय लागते. खऱ्या पेशंटवर टर्निकेट तसंच ठेवून आतली सुई काढली की चादर रक्ताने भरते. ट्युटरने इथे कडक राहावं. 'टर्निकेट सोडलं' हे मोठ्याने म्हटल्याशिवाय सुई काढू द्यायची नाही.

शिवाय याची शीर सरकत नाही, फुटत नाही, जुलाबाच्या पेशंटच्या शिरेसारखी चपटी होऊन आत बसतही नाही. आणि आठवडाभरात कातडीवरची भोकं बघूनच जागा कळते. कातडी थोडी फिरवून बसवली की मुलांना पुन्हा बोटाने शोधावं लागतं.

पिशवी हाताच्या वर वीतभरच टांगावी. फार उंच टांगली तर प्रत्येक भोकातून पाणी पाझरतं आणि मग लोक हात खराब निघाला म्हणून तक्रार करतात. सलाइन चालू करून दाखवताना खालच्या पिशवीची क्लिप उघडी ठेवावी, नाहीतर नळी फुग्यासारखी फुगून जोडापाशी निसटते.

पिशवीत डिस्टिल्ड वॉटर आणि हातासोबत आलेला लाल रंग, एवढंच. मुदत संपलेल्या सलाइनच्या बाटल्या वापरण्याचा मोह होतो, तो टाळावा. डीएनएसमधल्या (साखर-मिठाचं सलाइन) साखरेने नळीत बुरशी धरते, एनएसमधलं (नुसत्या मिठाचं सलाइन) मीठ वाळून खडे होतात. काम संपलं की साध्या पाण्याने नळ्या धुवायच्या, मोठ्या सिरिंजने हवा मारून पाणी काढायचं आणि हात टांगून वाळवायचा. कातडी चढवताना आतून टाल्कम पावडर लावली तर फाटत नाही. बेटाडीन आणि बॉलपेनचा डाग जन्माचा. स्पिरिट स्वॉबऐवजी पाण्याचा स्वॉब घ्यावा, पण पुसून सुकू देण्याची पायरी गाळायची नाही. लेटेक्स उन्हात चिकट होतं. विदर्भ-मराठवाड्यात हात खिडकीजवळच्या कपाटात ठेवू नये.

किती घ्यावेत? नर्सिंग कौन्सिलचं प्रमाण १० विद्यार्थ्यांमागे १ शिक्षक असं आहे, त्याच हिशेबाने १० जणांमागे १ हात. ४० च्या वर्गाने प्रत्येकी १० वेळा सुई टोचली तर ४०० टोचण्या होतात. एकच हात घेतला तर त्याची कातडी वर्ष काढणार नाही, आणि मागच्या बाकावरची मुलं नुसती बघत राहतील. पैसे कमी असतील तर एका महागड्या हातापेक्षा चार साधे घ्या. ऑर्डर देण्याआधी एवढं लेखी घ्या: कातडी आणि नळ्या सुट्या मिळतात का, किती दिवसांत, कितीला. सुटे भाग न देणाऱ्याचा हात स्वस्त असला तरी घेऊ नये.

टेबलाशेजारी पांढरा शार्प्सचा (सुया-पाती टाकायचा) डबा आणि लाल पिशवी ठेवाच. सुई डब्यात, कॅन्युलाचं प्लास्टिक आणि हातमोजे लाल पिशवीत. सुईला टोपण परत लावायचं नाही, हे इथेच बोटांत बसतं.

यानंतरही पहिला खरा पेशंट वॉर्डातल्या सिस्टरच्या देखत, पेशंटची परवानगी घेऊन. दोनदा जमलं नाही तर तिसऱ्यांदा सुई दुसऱ्याच्या हातात द्यायची आणि पेशंटला तसं स्पष्ट सांगायचं.